दोस्त राष्ट्रं एकमेकांची वैरी कशी झाली?

२५ एप्रिल १९४५. जर्मनीतल्या टोरगाऊ गावाजवळ एल्बे नदीवरचा पूल उडवलेला होता आणि त्याचे लोखंडी सांगाडे वाकून पाण्यात लोंबत होते. पश्चिमेकडून आलेले काही अमेरिकन सैनिक आणि पूर्वेकडून आलेले सोव्हिएत लाल सैन्याचे जवान त्या सांगाड्यांवरून रांगत पुढे सरकले आणि मधोमध एकमेकांना भेटले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती, पण त्याचं काही अडलं नाही. हिटलरच्या जर्मनीचे दोन तुकडे झाले होते आणि ते करणारे दोघं एकमेकांचे हात हातात घेऊन उभे होते.

२४ जून १९४८. जर्मनीप्रमाणेच बर्लिनही तेव्हा चार विजेत्या राष्ट्रांनी वाटून घेतलं होतं, पण ते शहर सोव्हिएत विभागाच्या आत होतं. टोरगाऊपासून साधारण शंभर किलोमीटरवरच्या या बर्लिनमध्ये सोव्हिएत फौजांनी शहराच्या पश्चिम भागाकडे येणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून जास्त माणसांचं धान्य आणि कोळसा अडला. समोर उभे होते अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक, म्हणजे कालचे साथीदारच.

या दोन तारखांमध्ये जेमतेम तीन वर्षं आणि दोन महिने आहेत. एवढ्या थोड्या काळात असं काय घडलं?

याचं नेहमीचं उत्तर एका वाक्यात संपतं: अमेरिका भांडवलशाही, रशिया साम्यवादी, मग पटणार कसं? हे उत्तर खोटं नाही, पण ते पुरत नाही. कारण हा फरक १९४५ साली नव्याने उगवला नव्हता. १९१७च्या रशियन क्रांतीनंतर ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि जपान यांनी सत्तेवर आलेल्या साम्यवादी बोल्शेविकांच्या विरोधात रशियात फौजा उतरवल्या होत्या. सोव्हिएत सरकारला मान्यता द्यायला अमेरिकेने १९३३ साल उजाडू दिलं. ऑगस्ट १९३९ मध्ये तर स्टॅलिनने हिटलरशीच अनाक्रमणाचा करार केला आणि पुढच्या महिन्यात दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. म्हणजे विचारसरणीचं वैर जुनंच होतं. ते असूनही १९४१ ते १९४५ ही दोस्ती टिकली. मग विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: चार वर्षं जे वैर गप्प बसलं होतं, ते नंतर बोलायला का लागलं?

माझं म्हणणं असं की भांडण सुरू झालं ते तत्त्वांवरून नाही. ते सुरू झालं सीमा, निवडणुका, कोळसा आणि चलनी नोटा अशा अगदी ठोस गोष्टींवरून. विचारसरणीने त्या भांडणांना अर्थ पुरवला. समोरचा असं का वागतोय, या प्रश्नाचं आयतं उत्तर तिच्याजवळ होतं. आणि ही भांडणं युद्धानंतर जन्मलेली नव्हती. युद्ध चालू असतानाच ती ठिकठिकाणी भिजत घातलेली होती.

एक शत्रू पुरतो

२२ जून १९४१ रोजी हिटलरने सोव्हिएत संघावर हल्ला केला. हल्ला होणार अशी कुणकुण होतीच. चर्चिल आयुष्यभर साम्यवादाचा कडवा विरोधक. तो आदल्याच दिवशी आपल्या खासगी सचिवाला म्हणाला होता की हिटलरने नरकावर स्वारी केली तर मी संसदेत सैतानाबद्दलही दोन बरे शब्द बोलेन. या एका वाक्यात युद्धकाळातल्या दोस्तीचं सगळं गणित आहे. दोस्ताबद्दल प्रेम असावं लागत नाही. दुसऱ्या कुणाची भीती त्याहून मोठी असली की झालं.

ही भीती पुष्कळ काम करून घेते. अमेरिकेने सोव्हिएत संघाला युद्धात लढणाऱ्या दोस्तांना माल पुरवण्याच्या लेंड-लीज योजनेखाली सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल दिला. त्यात चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप होत्या, रेल्वेची इंजिनं होती, डबाबंद मांस होतं, बूट होते. अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने १९४२चा 'मॅन ऑफ द इयर' म्हणून स्टॅलिनला निवडलं. स्टॅलिननेही मे १९४३ मध्ये कॉमिन्टर्न, म्हणजे जगभर क्रांती घडवण्यासाठी उभारलेली संघटना, बरखास्त केली. दोन्हीकडच्या सामान्य माणसांना ही मैत्री खरी वाटत होती, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती खरी होतीही.

पण वर, नेत्यांच्या मनात, पाल चुकचुकत होती. स्टॅलिन १९४१पासून मागत होता ती एकच गोष्ट: पश्चिम युरोपात दुसरी आघाडी उघडा, म्हणजे जर्मन फौजा विभागल्या जातील. जून १९४२ मध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्हच्या वॉशिंग्टन भेटीनंतरच्या संयुक्त पत्रकात त्याच वर्षी दुसरी आघाडी उघडण्याच्या निकडीबद्दल पूर्ण एकमत झाल्याचं म्हटलं होतं. १९४२ गेलं. १९४३ही गेलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या त्या ६ जून १९४४ला. तोवर स्टालिनग्राड आणि कुर्स्कच्या मोठ्या लढाया होऊन गेल्या होत्या. संपूर्ण युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, अमेरिकेचे सुमारे ४ लाख सैनिक. चर्चिलच्या दृष्टीने घाईने उतरणं म्हणजे कत्तल ओढवून घेणं होतं आणि त्याला लष्करी कारणं होती. मॉस्कोत मात्र हिशेब असा मांडला गेला की हे लोक जर्मनांना आणि आपल्याला एकमेकांत झुंजून दमू देतायत.

उलट बाजूलाही धास्ती होती. रशिया एकदा हिटलरशी करार करून मोकळा झालाच होता, पुन्हा करणार नाही कशावरून? मार्च १९४५ मध्ये इटलीतल्या जर्मन फौजांच्या शरणागतीबद्दल स्वित्झर्लंडमध्ये गुप्त बोलणी सुरू झाली आणि अमेरिकेने त्यांत सोव्हिएत प्रतिनिधींना घेतलं नाही. तेव्हा स्टॅलिनने थेट विश्वासघाताचाच आरोप केला. रूझवेल्टने संतापून उत्तर पाठवलं. त्यानंतर काही दिवसांतच, १२ एप्रिलला, रूझवेल्ट वारला. टोरगाऊची भेट त्यानंतर तेरा दिवसांनी झाली. म्हणजे नदीवर सैनिक हात मिळवत होते तेव्हा वरच्या पातळीवर हातांची पकड आधीच सैल झाली होती.

पोलंड नावाचं भिजत घोंगडं

हे सगळं प्रकरण एकाच देशावरून समजून घ्यायचं असेल तर तो देश पोलंड. मला तर वाटतं, शीतयुद्धाचा अभ्यास बर्लिनपासून न करता वॉर्सापासून करावा.

ब्रिटन युद्धात उतरलं तेच पोलंडसाठी, ३ सप्टेंबर १९३९ला. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सोव्हिएत फौजांनी पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसून अर्धा देश घेतला. १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे २२,००० पोलिश लष्करी अधिकारी, पोलीस आणि सुशिक्षितांना गोळ्या घालून ठार मारलं. त्यांतली काही प्रेतं कातीनच्या जंगलात पुरली होती. जर्मनांनी एप्रिल १९४३ मध्ये ती उकरून जगासमोर आणली. लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी केली, तेव्हा स्टॅलिनने त्या सरकारशी संबंधच तोडले. हे जर्मनांचं कृत्य आहे असं सोव्हिएत सरकार १९९०पर्यंत सांगत राहिलं. ब्रिटन आणि अमेरिकेच्या सरकारांना खरं काय असावं याचा अंदाज होता. ती गप्प राहिली, कारण युद्ध चालू होतं.

पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९४४ला, पोलिश भूमिगत सेनेने वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव केला. विस्तुला नदीच्या पूर्वेला लाल सैन्य येऊन पोहोचत होतं. उठाव ६३ दिवस चालला आणि चिरडला गेला. जर्मनांनी शहर जमीनदोस्त केलं. त्या काळात उठावकऱ्यांना विमानांतून मदत टाकणाऱ्या ब्रिटिश-अमेरिकन वैमानिकांना सोव्हिएत धावपट्ट्यांवर उतरू द्यायला स्टॅलिनने सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नकार दिला. लाल सैन्य खरोखर थकलं होतं, हे खरं आहे. पण विमानं उतरू न देण्याला थकव्याचं कारण लागू पडत नाही.

आता याल्टा परिषदेचं टेबल डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी १९४५. रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टॅलिन. स्टॅलिन म्हणतो, तीस वर्षांत दोनदा शत्रू पोलंडमधून आमच्यावर चालून आला, तिथे आमच्याशी मैत्रीने वागणारं सरकार हवंच. मागणी समजण्यासारखी आहे. चर्चिल आणि रूझवेल्ट म्हणतात, तिथे मुक्त निवडणुका व्हायला हव्यात. हीही मागणी समजण्यासारखी. अडचण अशी की १९३९ आणि कातीननंतर पोलंडमध्ये खरोखर मुक्त निवडणूक झाली असती तर मॉस्कोला हवं तसं सरकार निवडून येणं अशक्य होतं. दोन्ही मागण्या एकाच वेळी पुऱ्या होऊच शकत नव्हत्या. त्या खोलीतल्या जाणत्या माणसांना हे कळत होतं.

मग काय केलं? दोन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या. मॉस्कोच्या पाठिंब्यावर आधीच बसलेल्या सरकारात इतरांनाही घेऊन त्याची 'अधिक व्यापक लोकशाही पायावर' फेररचना करायची आणि लवकर निवडणुका घ्यायच्या. ॲडमिरल लेही हा रूझवेल्टचा लष्करी सल्लागार. तो मसुदा वाचून म्हणाला, हे इतकं लवचीक आहे की रशियन लोक शब्द न मोडता ते याल्टापासून वॉशिंग्टनपर्यंत ताणतील. रूझवेल्टचं उत्तर होतं: मला माहीत आहे, पण या घडीला पोलंडसाठी मला एवढंच करता येतंय.

रूझवेल्टला मी इथे दोष देऊ शकत नाही. पोलंडमध्ये लाल सैन्य होतं, अमेरिकेचं नव्हतं. जपानशी युद्ध बाकी होतं आणि त्यात स्टॅलिनची मदत हवी होती. पण अशा मसुद्याचा परिणाम फार वाईट होतो. दोघं एकाच कागदावर सही करून आपापल्या मनातला करार घेऊन घरी जातात. पुढे पोलंडमध्ये विरोधकांची धरपकड झाली आणि जानेवारी १९४७ मधल्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले. शेतकरी पक्षाचा नेता मिकोलायचिक त्याच वर्षी जीव वाचवून देशाबाहेर पळाला. वॉशिंग्टन आणि लंडनच्या दृष्टीने स्टॅलिनने शब्द मोडला होता. स्टॅलिनच्या दृष्टीने ते लोक मान्य करून झालेली गोष्ट उकरून काढत होते. युद्धात सुमारे ६० लाख नागरिक गमावलेला पोलंड आगीतून फुफाट्यात पडला तो असा.

ज्याची फौज, त्याची व्यवस्था

युद्ध संपताना जगाचा नकाशा ठरतो तो फौजा जिथे थांबतात तिथे. याची पहिली पायवाट पाश्चात्त्यांनीच पाडली. १९४३ मध्ये इटली शरण आल्यावर तिथला कारभार ब्रिटन आणि अमेरिकेने आपल्या हाती ठेवला, सोव्हिएत प्रतिनिधींना नावापुरती जागा दिली. वर्षभराने रुमानिया, बल्गेरिया आणि हंगेरीत स्टॅलिनने तेच उलट करून दाखवलं. ९ ऑक्टोबर १९४४च्या रात्री मॉस्कोत चर्चिलने एका कागदावर टक्केवारी लिहून स्टॅलिनपुढे सरकवली: रुमानियात रशिया ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटन ९० टक्के, युगोस्लाव्हियात निम्मं निम्मं. स्टॅलिनने निळ्या पेन्सिलीने त्यावर खूण केली. इथे तत्त्वांचा कुठेही उल्लेख नव्हता, निव्वळ वाटणी होती. आणि ग्रीसपुरता तरी स्टॅलिनने तो शब्द पाळला. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश सैनिक अथेन्सच्या रस्त्यांवर ग्रीक साम्यवाद्यांशी लढले, तेव्हा मॉस्को गप्प होतं.

मात्र ही वाटणी जुन्या साम्राज्यांच्या वाटणीसारखी नव्हती. युगोस्लाव्हियाचा नेता मिलोव्हान जिलास याने नोंदवून ठेवलंय की एप्रिल १९४५ मध्ये स्टॅलिन त्याला म्हणाला, हे युद्ध पूर्वीसारखं नाही, जो प्रदेश व्यापतो तो तिथे आपली समाजव्यवस्थाही लादतो. विचारसरणी खऱ्या अर्थाने आत शिरली ती इथे. पूर्वी जिंकलेल्या प्रांतात कर कुणाला द्यायचा एवढंच बदलायचं. आता शेत कुणाचं, कारखाना कुणाचा, वर्तमानपत्रात काय छापायचं, शाळेत काय शिकवायचं, सगळं बदलणार होतं. त्यामुळे सीमेचा प्रत्येक तंटा जगण्याच्या पद्धतीचा तंटा होऊन बसला.

भिंत बांधली तरी भीती वाटते

राज्यशास्त्रात एक कल्पना आहे, 'सुरक्षेचा पेच'. जॉन हर्झ या अभ्यासकाने १९५० साली हा शब्द रूढ केला, पण गोष्ट फार जुनी आहे. मी स्वतःच्या रक्षणासाठी जे करतो ते तुला हल्ल्याची तयारी वाटते. म्हणून तूही तयारी करतोस. ती बघून माझा संशय खरा ठरतो. दोघांपैकी एकालाही युद्ध नको असलं तरी दोघं युद्धाकडे सरकत राहतात.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांनी खांद्याला खांदा लावून पर्शियन साम्राज्याला ग्रीसमधून हुसकावलं, इसवी सनपूर्व ४७९ साली. पर्शियनांनी अथेन्स जाळून बेचिराख केलं होतं, म्हणून अथेन्सच्या लोकांनी नगराभोवती तटबंदी बांधायला घेतली. स्पार्टाने निरोप पाठवला: तट कशाला? थेमिस्टोक्लीस हा अथेन्सचा नेता बोलणी करायच्या निमित्ताने स्पार्टाला गेला आणि दिवसामागून दिवस काढत राहिला. इकडे बायका-मुलांसकट सगळं शहर भिंती उभारत होतं. तट पुरेसा उंच झाल्यावर त्याने स्पार्टाला खरं काय ते सांगून टाकलं. स्पार्टाने राग दाखवला नाही, पण तो मनात राहिला. अथेन्सला आपलं घर सुरक्षित करायचं होतं. स्पार्टाला त्या तटात आपल्या वर्चस्वाचा शेवट दिसला. पुढे अथेन्स लोकशाहीचा आणि स्पार्टा मोजक्यांच्या राज्याचा कैवारी झाला, प्रत्येक नगरात दोन गट पडले, आणि इसवी सनपूर्व ४३१ मध्ये मोठं युद्ध पेटलं.

१९४५ नंतरचा तट म्हणजे अणुबॉम्ब. १६ जुलैला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी झाली. २४ जुलैला पॉट्सडॅमच्या परिषदेत रूझवेल्टनंतर अध्यक्ष झालेल्या ट्रूमनने स्टॅलिनच्या कानावर सहज घातल्यासारखं सांगितलं की आमच्याकडे विलक्षण विध्वंसक नवं शस्त्र आहे. स्टॅलिनने फारसं आश्चर्य दाखवलं नाही, कारण हेरांमार्फत त्याला हे कळलेलंच होतं. त्यातून त्याने घेतलेला धडा साधा होता: दोस्तांनी आपल्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवली. ट्रूमनला पुढे हेरगिरीचं कळलं तेव्हा त्याचाही धडा तोच. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत संघाने स्वतःचा बॉम्ब उडवला.

आणि १९४५च्या मे महिन्यातच चर्चिलने आपल्या लष्करी नियोजकांना सोव्हिएत संघाविरुद्धच्या युद्धाचा आराखडा करायला सांगितला होता. त्याचं नाव 'ऑपरेशन अनथिंकेबल'. नियोजकांनी हे जमण्यासारखं नाही असंच कळवलं आणि तो बासनात गेला. पण युरोपातल्या विजयाला महिनाही उलटला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवं.

कोळसा, यंत्रं आणि नोटा

पैशाचा भाग कंटाळवाणा वाटून पुष्कळदा वगळला जातो. माझ्या मते दुफळी कायमची झाली ती इथेच.

सोव्हिएत संघाची १,७१० शहरं-गावं आणि ७०,००० खेडी उद्ध्वस्त झाल्याचं तिथले अधिकृत सरकारी आकडे सांगत होते. जर्मनीकडून भरपाई घेणं हा त्यांना हक्क वाटत होता आणि याल्टात १० अब्ज डॉलरचा आकडा चर्चेला आधार म्हणून मांडला गेलाही होता. पॉट्सडॅममध्ये तडजोड झाली: ज्याने त्याने आपापल्या ताब्यातल्या विभागातून भरपाई घ्यावी, शिवाय पश्चिमेकडच्या कारखान्यांची काही यंत्रसामग्री रशियाला मिळावी, तिच्यातल्या बऱ्याचशा भागाच्या बदल्यात रशियाने धान्य आणि कोळसा द्यावा.

आता ब्रिटनची अवस्था बघा. युद्ध जिंकलेल्या या देशाने जुलै १९४६ मध्ये स्वतःच्या नागरिकांच्या पावावर रेशनिंग लावलं, जे युद्धाच्या सहाही वर्षांत लावलं नव्हतं. त्याच वेळी जर्मनीतल्या आपल्या विभागातल्या उपाशी लोकांना खाऊ घालण्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर. एका दाराने आपण डॉलर आणि गहू आत न्यायचे आणि दुसऱ्या दाराने यंत्रं रशियात जायची, हे किती दिवस चालणार? मे १९४६ मध्ये अमेरिकन लष्करी प्रशासक जनरल क्ले याने आपल्या विभागातून जाणारी भरपाई थांबवली. १ जानेवारी १९४७पासून अमेरिकन आणि ब्रिटिश विभागांचा आर्थिक कारभार एक झाला. पश्चिमेला जर्मनी उभा करायचा होता, नाहीतर युरोपच्या गाड्या आणि भट्ट्या थंडच राहणार होत्या. पण ज्या जर्मनीने दोनदा चढाई केली तोच पुन्हा उभा राहणं, हेच मॉस्कोचं दुःस्वप्न होतं.

मग नोटांचा प्रश्न आला. जुन्या राइशमार्कला किंमत उरली नव्हती, बाजारात सिगारेटी चलन म्हणून चालत. व्याप्त जर्मनीसाठीच्या लष्करी नोटा छापायच्या प्लेट अमेरिकेने १९४४ मध्ये सोव्हिएत संघालाही दिल्या होत्या आणि तिथे किती नोटा छापल्या जातात यावर कुणाचंच नियंत्रण राहिलं नव्हतं. जून १९४८ मध्ये पश्चिम विभागांत नवा डॉइच मार्क आला. त्याच्या नोटा गुपचूप अमेरिकेत छापून आणल्या होत्या. वरवर पाहता ही चलनसुधारणा, पण एका देशात दोन चलनं म्हणजे दोन बाजार, आणि दोन बाजार म्हणजे दोन देश. काही दिवसांतच बर्लिनची नाकेबंदी झाली. पुढचे जवळपास ११ महिने पाश्चात्त्य विमानांनी शहर जगवलं, तेही अशा शहराला ज्यावर याच हवाई दलांनी तीन-चार वर्षांपूर्वी बॉम्ब टाकले होते. एकूण सुमारे २ लाख ७७ हजार उड्डाणं आणि २३ लाख टन माल, त्यातला दोनतृतीयांश कोळसा.

'काय हवंय' वरून 'कोण आहेत' वर

भांडण आणि वैर यांत एक सीमारेषा असते. समोरच्याला काय हवंय याची चर्चा चालू असते तोवर ते भांडण. तो मुळात आहेच कसा, यावर चर्चा गेली की वैर. ही रेषा ओलांडली गेली १९४६ मध्ये, आणि कशी ते तारखांनिशी दाखवता येतं.

९ फेब्रुवारीला स्टॅलिनने भाषण केलं की भांडवलशाहीच्या अंतर्गत विसंगतींतूनच जागतिक युद्धं जन्मतात. २२ फेब्रुवारीला मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीतून जॉर्ज केननने प्रसिद्ध 'लांबलचक तार' पाठवली. तिचा गाभा असा की सोव्हिएत राज्यकर्त्यांना बाहेरचं जग शत्रू आहे असं मानावंच लागतं, कारण त्याशिवाय घरातली हुकूमशाही कशी समर्थनीय ठरवणार? ५ मार्चला चर्चिल अमेरिकेत मिझुरीतल्या फुल्टनला युरोपचे पूर्व-पश्चिम दोन भाग करणाऱ्या 'पोलादी पडद्या'बद्दल बोलला. स्टॅलिनने त्याची तुलना हिटलरशी केली. सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत राजदूत नोव्हिकोव्हने मॉस्कोला अहवाल पाठवला की अमेरिकन मक्तेदार भांडवल जगावर वर्चस्व मिळवायला निघालं आहे. केननची तार आणि नोव्हिकोव्हचा अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. दोन्हींत समोरच्याची तक्रार ऐकून घ्यायला जागाच उरत नाही, कारण तो जे करतो ते त्याच्या स्वभावात आहे, असं दोघंही सांगतात.

असं एकदा मानलं की नवा पुरावाही जुन्याच साच्यात बसतो. युद्धकाळापासून इराणमध्ये असलेल्या सोव्हिएत फौजा मे १९४६ मध्ये, उशिराने का होईना, तिथून निघून गेल्या. यातून असाही निष्कर्ष काढता आला असता की स्टॅलिनच्या महत्त्वाकांक्षेला मर्यादा आहेत. वॉशिंग्टनमध्ये निष्कर्ष निघाला की दटावलं तरच हे लोक मागे हटतात.

यात घरच्या राजकारणाचाही हात होता. फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने कळवलं की ग्रीस आणि तुर्कस्तानला मदत करणं आता आम्हाला परवडत नाही. ट्रूमनला त्यासाठी ४० कोटी डॉलर हवे होते आणि काँग्रेस होती खर्चाला कात्री लावायच्या मनःस्थितीत. १२ मार्चला तो काँग्रेससमोर ग्रीसच्या हिशेबावर थोडंच बोलला. प्रत्येक राष्ट्राला आता जगण्याच्या दोन पद्धतींमधून एक निवडायची आहे, असं त्याने मांडलं. पैसे मिळाले. पण ग्रीसमधल्या बंडखोरांना मदत मुख्यतः युगोस्लाव्हियातून जात होती आणि स्टॅलिन त्याबद्दल नाखूशच होता, ही बारीक गोष्ट त्या मांडणीत बसत नव्हती.

जून १९४७ मध्ये युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकन मदतीची मार्शल योजना जाहीर झाली, ती पूर्व युरोपलाही खुली होती. मोलोटोव्ह मोठा ताफा घेऊन पॅरिसला आला आणि काही दिवसांत उठून गेला. चेकोस्लोव्हाकियाने निमंत्रण स्वीकारलं होतं, स्टॅलिनने त्यांच्या नेत्यांना मॉस्कोला बोलावून ते परत करायला लावलं. फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रागमध्ये साम्यवाद्यांनी सत्ता पूर्णपणे हातात घेतली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक आपल्या निवासाच्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडला. यानंतर पश्चिम युरोपात कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. एप्रिल १९४९ मध्ये १२ देशांनी नाटोचा करार केला.

प्रत्येक वेळी असंच होतं का?

नाही. १८१४-१५च्या व्हिएन्ना परिषदेत नेपोलियनला हरवणारे मित्र पोलंड आणि सॅक्सनीच्या वाटणीवरून इतके पेटले की ३ जानेवारी १८१५ रोजी ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने चक्क पराभूत फ्रान्सला सोबत घेऊन रशिया-प्रशियाविरुद्ध गुप्त करार केला. पुढे तत्त्वांचाही वाद झाला. कुठेही क्रांती झाली तर ती फौज पाठवून मोडण्याचा हक्क आपल्याला आहे, असं रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया म्हणू लागले. ब्रिटनने १८२० मध्ये साफ सांगितलं की ही युती दुसऱ्यांच्या घरातला कारभार बघण्यासाठी केलेली नव्हती. तरीही या बड्या राष्ट्रांमध्ये १८५०च्या दशकातल्या क्रिमियन युद्धापर्यंत आपसांत युद्ध झालं नाही. मोठी राष्ट्रं पाच होती, आजचा विरोधक उद्या कामाला येऊ शकत होता. १९४५ मध्ये खऱ्या अर्थाने दोनच उरली होती. दोनच उरल्यावर एकाचा तोटा तो दुसऱ्याचा नफा ठरतो.

ब्रिटन आणि अमेरिकेचंही १९४५ नंतर काही कमी बिनसलं नव्हतं. अणुबॉम्बच्या कामात ब्रिटिश शास्त्रज्ञांचा वाटा असूनही अमेरिकेने १९४६च्या कायद्याने ती माहिती ब्रिटनला बंद केली. ३ अब्ज ७५ कोटी डॉलरचं कर्ज देताना घातलेल्या अटी लंडनला फार झोंबल्या. पण त्याचं वैर झालं नाही. विचार जुळत होते हे एक कारण, पण दुसरं मला अधिक मोलाचं वाटतं: एकमेकांच्या मनात काय चाललंय ते दोघांना संसदेतल्या चर्चांत आणि रोजच्या वर्तमानपत्रांत वाचता येत होतं. स्टॅलिनच्या राज्यात काय शिजतंय ते बाहेरच्यांना दिसण्याची सोयच नव्हती. जिथे दिसत नाही तिथे भीती जागा भरते.

आणि विचार जुळले म्हणजे दोस्ती टिकते असंही नाही. जून १९४८ मध्ये, बर्लिनची नाकेबंदी सुरू होऊन चार दिवस होतात तोच, कॉमिनफॉर्म या साम्यवादी पक्षांच्या संघटनेने युगोस्लाव्हियाला हाकलून दिलं. युगोस्लाव्हियाचा सर्वोच्च नेता टिटो पक्का साम्यवादी होता. त्याने आपला देश मुख्यतः आपल्याच बळावर मुक्त केला होता आणि तो मॉस्कोकडून हुकूम घ्यायला तयार नव्हता, एवढंच त्याचं पाप.

शेवटी ऑस्ट्रियाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती फार कमी सांगितली जाते. जर्मनीसारखेच ऑस्ट्रियाचेही चार विभाग झाले होते आणि बर्लिनसारखंच व्हिएन्नाही चौघांत वाटलं गेलं होतं. पण इथे एप्रिल १९४५पासूनच कार्ल रेनरचं एकच सरकार सबंध देशासाठी उभं राहिलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत साम्यवाद्यांना फक्त ४ जागा मिळाल्या आणि सोव्हिएत संघाने तो निकाल मोडून काढला नाही. व्हिएन्नाच्या मध्यभागी चार देशांचे चार सैनिक एकाच जीपमधून गस्त घालत असत. बर्लिनची नाकेबंदी झाली, कोरियात युद्ध पेटलं, तरी ती जीप फिरत राहिली. दहा वर्षं वाटाघाटी रेंगाळल्या. अखेर ऑस्ट्रिया कुणाच्याही लष्करी गटात जाणार नाही, हे स्पष्ट शब्दांत ठरलं. १५ मे १९५५ रोजी चारही राष्ट्रांनी बेल्व्हेडेअर राजवाड्यात करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत त्यांच्या फौजा देश सोडून गेल्या.